लेखनसीमा: लाल अकीकावर मुद्रा कोरून अंगठीत बसवेपर्यंत

६ जानेवारी २०२४ ला गुजरातमधल्या खंबातहून खडे आणले आणि १९ सप्टेंबरला हॉलमार्क झालेली, खडा बसवलेली अंगठी हातात आली. मधल्या साडेआठ महिन्यांत पाच खडे घेतले, त्यातले तीन वाया गेले. चौथ्यावर अक्षरं नीट उतरली, पाचवा शिल्लक आहे. ज्यांना खड्यावर स्वतः कोरायचं आहे त्यांना निदान हे तीन खडे वाचवता यावेत म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. तारखा, खर्च, चुका यांसह.

आधी मजकूर. जुन्या मराठी पत्रांवर दोन मुद्रा असत, वर शिक्का आणि शेवटी मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथूनच आला. मोर्तबाची मुद्रा लहान असते. पत्र इथे संपलं, याखाली कोणी काही घुसडलं तर ते आमचं नाही, हे ती सांगते. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ येतं, पेशवाईतल्या पत्रांवर ‘लेखनसीमा’. पाच अक्षरांचा हा शब्द दोन ओळींत मावतो आणि अंगठीवर शोभतो. मजकूर निवडताना अर्थाइतकंच अक्षरांचं वळण पाहा. गोल अक्षरं कोरायला अवघड, सरळ दांड्यांची सोपी. ‘लेखनसीमा’मध्ये दोन्ही आहेत आणि ‘ख’ने पुढे बराच त्रास दिला.

माप ठरवताना एक हिशेब आधी करावा लागतो. खडा सोन्यात धरून ठेवणारी कोंदणाची भिंत कडेवर ०.७ ते ०.८ मिलिमीटर आत वळते. म्हणून चारही बाजूंनी दीड मिलिमीटर कोरी जागा सोडायची. १८ × १४ मिलिमीटरच्या खड्यावर प्रत्यक्ष वापरायला १५ × ११ उरतात. त्यात ‘लेखन’ आणि ‘सीमा’ अशा दोन ओळी, अक्षराची उंची ३ मिलिमीटर, वर मात्रेला आणि वेलांटीला १.२, दोन ओळींमध्ये ०.६. एकूण ९. लंबगोल खड्यात खालच्या ओळीला कोपरे मिळत नाहीत, ‘मा’चा काना बाहेर जातो. म्हणून अष्टकोनी सपाट खडा घेतला. मोगल आणि दख्खनी, नाव कोरलेल्या अंगठ्यांत चौकोनी आणि अष्टकोनी खडे पुष्कळ दिसतात. कागदावर चार वेळा मांडणी केल्यावर त्यामागचं कारण कळतं.

खडा कोणता घ्यावा, याबद्दल माझं मत ठाम आहे: पहिली मुद्रा लाल अकीकावरच, म्हणजे कार्नेलियनवर करावी. हा स्फटिकाचाच, पण अतिसूक्ष्म तंतूंनी विणलेला प्रकार. मोहसच्या एक ते दहाच्या मापावर कठीणपणा साडेसहा ते सात. टोपाझसारखा तो एका पातळीत दुभंगत नाही, पाचूसारखा आतून भेगाळलेला नसतो. ०.३ मिलिमीटरची कडही तो धरून ठेवतो. शिवाय खडा थंड असला की ठशाची तापलेली लाख त्याला चिकटत नाही. रोमन काळापासून मुद्रांच्या अंगठ्यांत हाच खडा सर्वाधिक दिसतो, तो या गुणांमुळे.

त्याचा आपल्या भूमीशीही जुना संबंध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठणहून पट्ट्यांचा मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांनी भडोच बंदरात जातं अशी नोंद आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका साठून अकीक तयार झालं. खंबातला येणारा रतनपूरचा माल हा असा बेसॉल्टमधून सुटून, झिजून गोट्यांच्या थरात साठलेला दगड आहे. मूळचा तो पिवळट-तपकिरी असतो. मंद आचेवर तापवला की त्यातल्या लोहाचं पाणी निघून जातं आणि रंग लाल होतो. खंबातमध्ये हे शतकानुशतकं चालत आलं आहे. ती फसवणूक नव्हे. फसवणूक दोन प्रकारे होते: लाल काच, किंवा फिक्या दगडाला लोहाच्या क्षारात बुडवून दिलेला रंग.

१८ × १४ × ४ मिलिमीटरचे, अष्टकोनी, वरून सपाट असे पाच खडे सांगून करून घेतले. प्रत्येकी ४२० रुपये. वजन सुमारे १२ कॅरेट भरलं. जाडी ४ पेक्षा कमी घेऊ नका. खोदकाम अर्धा मिलिमीटर, पुन्हा घासताना ०.२ जातात आणि कोंदणात बसवताना दाब सहन करायला खाली दगड लागतो. खरेदी करताना खडा खिडकीच्या उजेडासमोर धरून फिरवावा. ढगाळ, असमान लाली किंवा पुसट पट्टे असतील तर चांगलं. लाली चिरांमध्ये गडद साचली असेल तर रंग दिलेला. गोल बुडबुडे दिसले तर काच. आणि चिरा असलेला खडा कितीही सुंदर असला तरी ठेवून द्यायचा, कारण कोरताना चीर पुढे सरकते.

११ जानेवारीला एक खडा मुंबईतल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दिला. फॉर्म, ओळखपत्राची प्रत, खड्याचं वजन लिहिलेली पोच. शुल्क जीएसटीसह ९४४ रुपये. अहवाल १९ तारखेला मिळाला: नैसर्गिक कॅल्सेडनी (अकीक ज्या कुळातला ते), प्रकार कार्नेलियन, रंग दिल्याची चिन्हं नाहीत. तापवल्याचा उल्लेख अहवालात नव्हता. एकाच गोट्यातून कापलेले खडे असतील तर एकाची तपासणी पुरते, पण तसं दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं. हा अहवाल कोरण्याआधी करा. कोरल्यावर खड्याचं वजन आणि रूप बदलतं, आणि सोन्यात बसवल्यावर तर घनता मोजताच येत नाही.

घरात आजीच्या पेटीत जुना कोरीव नगीना असेल तर त्यावर सराव मुळीच करू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, जुन्या कारागिराच्या हातची रेष एकदा घासली की परत येत नाही.

जानेवारीचा उरलेला भाग आणि फेब्रुवारीचा अर्धा हत्यारं जमवण्यात गेला. इथे एक मूळ तत्त्व समजलं की बाकीचं सोपं होतं. दगड हत्याराने कापला जात नाही, तो भुकटीने कापला जातो. जुन्या पद्धतीत हत्यार मऊ लोखंडाचं असतं. टोकाला चकती किंवा गोळी, त्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी. भुकटीचे कण मऊ लोखंडात रुततात आणि तेच दगड खातात. हत्यार कठीण असेल तर कण रुतणार नाहीत, घरंगळून जातील. आपल्याकडे कमानीने फिरणाऱ्या चरकावर कुरुंदाची भुकटी वापरत. हिऱ्यावर कोरायचं तर हिऱ्याचीच भुकटी हवी, दुसरं काही चालतच नाही. तशी कोरीव अक्षरं असलेला ‘शाह’ हिरा आज मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये आहे, ८८.७ कॅरेटचा. त्यावर तीन राजांची नावं आहेत. पहिलं अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाचं, हिजरी १०००, म्हणजे १५९१ सालचं. दुसरं शाहजहानचं, तिसरं इराणच्या फतहअली शाहचं. आपल्या नगरच्या दरबारात कोणीतरी हिऱ्यावर इतकी बारीक अक्षरं कोरवून घेतली. अकीकावर एक ओळ कोरताना हात थकला की मला त्या कारागिराची आठवण येई आणि पुन्हा बसावंसं वाटे.

आता हिऱ्याचे कण धातूत बसवलेली तयार टोकं मिळतात. त्यांत दोन जाती आहेत. मुलामा दिलेली टोकं स्वस्त, ३० चा संच ४५० रुपयांना. पण त्यांवर कणांचा एकच थर असतो. अकीकावर वीस-पंचवीस मिनिटांत तो उडतो, टोक नुसतं घासत राहतं आणि दगड तापतो. दुसरी जात सिंटर केलेली. त्यात कण धातूच्या पूर्ण जाडीत मिसळलेले असतात, झिजेल तसे नवे कण वर येतात. एकेक टोक ३५० ते ८०० रुपयांना. मी अशी नऊ घेतली: ३ आणि २ मिलिमीटरच्या पातळ चकत्या, १.५, १ आणि ०.७ च्या गोळ्या, ०.८ आणि ०.६ चे नळकांडी आकार, दोन शंकू. एकूण ५,१०० रुपये. मुलाम्याचा संच फक्त ०.५ पेक्षा बारीक कामासाठी ठेवला, कारण त्या मापात सिंटरचं टोक मिळालं नाही.

सोनार वापरतात ती टांगायची मोटर, लवचीक दांड्याची, ६,२०० रुपये. डोक्यावर लावायचं भिंग १,८०० आणि १० पटीचं हातभिंग ६००. पण मोटरपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचं मूठदांडं स्थिर करणं. सुरुवातीला खडा पकडीत आणि हत्यार हातात असं केलं, पेनासारखं. रेष थरथरली. खडे कोरणारे कारागीर याच्या उलट करतात. हत्यार जागेवर फिरत राहतं, खडा दोन्ही हातांच्या बोटांत धरून त्याला नेऊन लावतात. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनमध्ये आजही असंच काम चालतं. दांडं आडवं, पायावर पक्कं बसवलं, दोन्ही मनगटं लाकडी ठोकळ्यावर टेकवली, आणि पहिल्या दिवशीच सरळ रेष आली.

पाण्याची व्यवस्था म्हणजे सलाइनची नळी, सेकंदाला एक थेंब, पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब. पाणी आणि वीज एकत्र, म्हणून मोटर पाण्याच्या वर टांगलेली आणि जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. यात काटकसर करू नका.

आणि धूळ. अकीक म्हणजे सिलिका. तिची कोरडी बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खंबातच्या अकीक घासणाऱ्या कामगारांनी, त्यांच्या घरच्यांनी याची जबर किंमत मोजली आहे. ज्यांच्या हातून आपला खडा तयार होऊन येतो त्यांचं हे दुःख जाणूनच काम करावं असं मला मनापासून वाटतं. एक सेकंदही कोरडं कोरायचं नाही. एन-९५ मुखपट्टी पाणी सुरू असतानाही ठेवायची, कारण उडणारे तुषार वाळले की त्यांचीच धूळ होते. टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, गाळ वाळू द्यायचा नाही, झाडू लावायचा नाही.

१८ फेब्रुवारीला पहिला खडा घेतला. पितळी दांडीच्या टोकाला लाख वितळवून खडा चिकटवला. आधी खडा स्पिरिटच्या दिव्यावर दुरून, सावकाश कोमट करायचा. थंड दगडाला लाख धरत नाही आणि अचानक तापवला तर तडकतो. वरचा चकचकीत पृष्ठभाग १००० नंबरच्या कार्बोरंडमच्या भुकटीने काचेवर गोल गोल घासून मंद केला, म्हणजे खुणा उठतात. पेन्सिल पाण्यात पुसली जाते. ॲल्युमिनियमची तार टोकदार करून तिने रेघ ओढली तर ती राहते.

मुद्रेवर सगळं उलटं कोरायचं, हे सर्वांना माहीत असतं. तरी पहिला खडा त्यातच गेला. मी प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं केलं, पण अक्षरांचा क्रम तसाच ठेवला. तेरा तास काम झाल्यावर ३ मार्चला ठसा घेतला तर अक्षरं सुलटी आणि वाचायला ‘नखले’. उपाय अगदी साधा आहे. मजकूर ट्रेसिंग कागदावर सुलटा लिहायचा आणि सगळा कागदच पालथा करायचा. वरची ओळ वरच राहते, फक्त डावं-उजवं बदलतं. मग त्या पालथ्या कागदाकडे बघून कोरायचं, डोक्याने काही उलटवायचं नाही. आणि पाच मिनिटांची उथळ रेघ झाली की लगेच प्लॅस्टिसिनवर, म्हणजे न वाळणाऱ्या मऊ मातीवर, पहिला ठसा. तेरा तासांनी नव्हे.

या सगळ्या कामातली मला उमगलेली मुख्य गोष्ट हीच की खड्याकडे बघून काम करू नये, ठशाकडे बघून करावं. लाल, अर्धपारदर्शक दगडात खोली डोळ्यांना फसवते. जे खोल वाटतं ते ठशात जेमतेम उठतं, आणि जी रेष खड्यात वाकडी वाटते ती ठशात सरळ असते. दर वीस मिनिटांनी खडा धुऊन, टाल्कम पावडरचा हलका हात मारून, मऊ प्लॅस्टिसिनवर दाबायचा, बाजूने दिवा धरून मोबाइलवर फोटो काढायचा. प्रत्येक फोटोला क्रमांक. चौथ्या खड्याचे असे ८७ ठसे निघाले.

दुसरा खडा मार्च-एप्रिलमध्ये. प्रत्येक रेष तीन टप्प्यांत होते. आधी २ मिलिमीटरच्या चकतीच्या कडेने मध्यरेषेवर चीर. चकती गोल असल्याने ही चीर होडीसारखी होते, मध्ये खोल आणि टोकांना उथळ. मग ०.६ च्या नळकांड्याने टोकं चौकोनी करून तळ सारखा करायचा. शेवटी शंकूने बाजूंना किंचित उतार द्यायचा. उतार अत्यावश्यक आहे. भिंत आतून पोखरली गेली तर लाख तिथे अडकते आणि ठसा काढताना अक्षराची कड तुटून खड्यात राहते. चकतीला मिनिटाला ८,००० फेरे, बारीक गोळीला १५,००० च्या आसपास. दाब जवळजवळ नाहीच. दाब दिला की टोक थरथरतं आणि कडेचे कपचे उडतात. टोक कापेनासं झालं तर बहुतेक वेळा हिरा संपलेला नसतो, वरती धातू पसरून कण झाकले गेलेले असतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कांडीवर पाणी घालून दहा सेकंद चालवलं की ते पुन्हा उघडतं. दगडात पांढरट ठिपके दिसले तर थांबा. ते आतले बारीक तडे असतात, उष्णतेने किंवा धक्क्याने पडलेले, आणि जिल्हईने, म्हणजे पॉलिशने, जात नाहीत.

शिरोरेखा आधी कोरू नका. ती आधी कोरली की प्रत्येक दांडी तिला जोडताना सांधा थोडा खोल होतो, आणि ठशात शिरोरेखेवर मण्यांसारखे उंचवटे येतात. दांड्या आधी, त्या ०.२ मिलिमीटर अलीकडे थांबवायच्या, शिरोरेखा सर्वांत शेवटी एका खोलीवर ओढत न्यायची.

दुसरा खडा गेला ‘ख’मुळे. ‘ख’च्या पोटात आणि ‘म’च्या गाठीत दगडाचं एक बेट शिल्लक राहतं, चारही बाजूंनी खोदलेलं. ते ०.४ मिलिमीटरपेक्षा लहान झालं की उडतं. माझं २१ एप्रिलला उडालं, काम ऐंशी टक्के झालेलं असताना. पुढच्या मांडणीत ‘ख’ इतर अक्षरांपेक्षा अर्धा मिलिमीटर रुंद केला, पोट ०.७ चं ठेवलं, आणि बेटाभोवतीची रेष बाकीच्यापेक्षा उथळ, ०.३ मिलिमीटरच. ‘म’ची गाठ मी बंदच केली, नुसता ठिपका. ठशात कोणाला वेगळं जाणवत नाही.

तिसरा खडा पूर्ण झाला होता. २६ मे ला तो लाखेवरून काढण्यासाठी दिव्यावर धरला, निघाला तसा ओट्याच्या थंड ग्रॅनाइटवर ठेवला. बारीक आवाज आला आणि आडवी चीर गेली. त्या दिवशी फार वाईट वाटलं, तीन आठवडे हत्याराला हात लावला नाही. खडा काढायची योग्य रीत उष्णतेची नाहीच. दांडीसकट डबीत घालून फ्रीजरमध्ये चाळीस मिनिटं ठेवा. लाख आणि दगड वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि खडा हलक्या बोटाने सुटतो. मग डबीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उरलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

चौथा खडा १६ जूनला सुरू केला आणि २८ जुलैला कोरून झाला. एकतीस बैठका, कोणतीही दीड तासाहून मोठी नाही. दीड तासानंतर बोटं जड होतात आणि चुका तेव्हाच होतात. अक्षरांची खोली सगळीकडे ०.५, ‘ख’मध्ये ०.३. ही खोली लाखेच्या ठशासाठी आहे. शाईच्या ठशाला एवढी लागत नाही. तिथे शाई सपाट पृष्ठभाग उचलतो आणि कोरलेली अक्षरं पांढरी दिसतात, म्हणून फारसी मोहोरांवरचं खोदकाम बऱ्याचदा उथळ पण कडांना अतिशय रेखीव असतं. आपल्याला मुद्रा कशावर उमटवायची आहे हे पहिल्याच दिवशी ठरवावं.

जिल्हईला ऑगस्टचे पहिले तीन आठवडे लागले. आधी अक्षरांच्या आत. बांबूच्या टूथपिकचे तुकडे कापून मोटरला लावले, टोकावर तेलातली हिऱ्याची पेस्ट: १४ मायक्रॉन, मग ६, ३ आणि १. फेरे ३,००० च्या आत, नाहीतर बांबू जळतो. प्रत्येक मापाचे बांबू वेगळ्या डबीत. १४ चा एक कण ३ च्या डबीत गेला तर चार तास फुकट जातात. एका मापातून दुसऱ्यात जाण्याआधी खडा साबणाने आणि मऊ ब्रशने धुवायचा, हातही धुवायचे. पेस्टच्या चार नळ्या २,१०० रुपये.

मग वरचा सपाट भाग. इथे फेल्टची चकती वापरायचा मोह होतो, कारण ती पटकन चमक देते. वापरू नका. फेल्ट मऊ असल्याने अक्षरांच्या खोबणीत थोडं उतरतं आणि कडा गोल करतं. ठशात अक्षरं झिजलेली दिसतात. कठीण, सपाट तळ हवा. ॲक्रिलिकच्या सहा मिलिमीटर जाड तुकड्यावर सेरियम ऑक्साइडचा पातळ लगदा घेऊन हाताने इंग्रजी आठच्या आकारात घासलं. तीन बैठका, सुमारे पाच तास. कडा धारदार राहिल्या.

२४ ऑगस्टला सोनाराकडे. माझ्याकडे जुन्या बांगडीचं ११.२ ग्रॅम सोनं होतं, त्यावर हॉलमार्क नव्हता. यंत्रावर तपासणी ८८ टक्के आली, म्हणजे शुद्ध सोनं ९.८६ ग्रॅम. अंगठी २२ कॅरेटमध्ये ९.४ ग्रॅमची, तिच्यात शुद्ध ८.६१. घट अडीच टक्के, सुमारे पाव ग्रॅम. उरलेलं एक ग्रॅम शुद्ध परत मिळालं. हा हिशेब आपण स्वतः कागदावर करून न्यावा आणि पावतीवर लिहून घ्यावा. घडणावळ ८,५०० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, ४२५.

२२ कॅरेट निवडलं कारण ते मऊ असतं आणि कोंदणाची भिंत कमी जोरात वळते. १८ कॅरेट जास्त टिकाऊ, पण खड्यावर दाब अधिक येतो. अष्टकोनी खड्यात कोपऱ्यांवर जादा सोनं गोळा होतं आणि ते ठोकताना खडा कोपऱ्यात फुटतो. म्हणून भिंतीला कोपऱ्यांवर आधीच करवतीने बारीक चीर द्यायची आणि आधी चार सरळ बाजू, समोरासमोरच्या, वळवायच्या. खडा कोंदणात ठेवून बोटाने दाबला आणि जरा जरी डोलला तरी बसवू देऊ नका. तळाशी एक कण राहिला तरी सगळा दाब त्याच बिंदूवर येतो. आणि खडा बसल्यावर अंगठीला पुन्हा आच नाही, हे सोनाराला स्पष्ट सांगून ठेवा.

हॉलमार्कसाठी एक फेरी जास्त झाली. ज्यांनी अंगठी घडवली त्यांची बीआयएसकडे (भारतीय मानक ब्युरोकडे) नोंदणी नव्हती, आणि हॉलमार्किंग केंद्र नोंदणीकृत सराफाकडूनच माल घेतं. घडवायला देण्याआधी हे विचारायला हवं होतं. ओळखीच्या नोंदणीकृत सराफांनी आपल्या मालाबरोबर ती पाठवली. शुल्क तेव्हा, २०२४ मध्ये, प्रति नग ४५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी होतं. खडा बसवण्याआधी पाठवली ते बरं झालं. तपासणी निर्वेध होते आणि सोन्याचं निव्वळ वजन वादाशिवाय नोंदवलं जातं. ५ सप्टेंबरला दिली, १० ला परत. आतल्या बाजूला तीन खुणा असतात: बीआयएसचं चिन्ह, २२के९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. ‘बीआयएस केअर’ ॲपवर हा क्रमांक टाकला की सराफाचा नोंदणी तपशील, केंद्र आणि शुद्धता दिसते. दुकानातच उभं राहून ते बघून घ्यायचं. बिलावर निव्वळ सोनं, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहिलेलं हवं. नुसती खात्री करून घ्यायची असेल तर ग्राहकाला थेट केंद्रात दागिना तपासून घेता येतो, तेव्हा चार नगांपर्यंत २०० रुपये लागत, जीएसटी वेगळा. त्यात तपासणीचा अहवाल मिळतो, हॉलमार्क नाही.

१९ सप्टेंबरला खडा बसला. सोनं सोडून एकूण खर्च २९ हजारांच्या आत, त्यातला निम्म्याहून अधिक हत्यारांचा, ती पुढेही चालतील.

ठसा घेताना खडा थंड आणि किंचित ओला हवा. मी बर्फाच्या तुकड्यावर फडकं ठेवून त्यावर अंगठी पालथी ठेवतो. लाख कागदावर ओतल्यावर लगेच दाबली तर ती कडेने उसळते आणि पातळ राहते. दहा आकडे मोजायचे, चमक जराशी मंदावली की सरळ वरून दाबायचं, हलवायचं नाही, पुन्हा वीस मोजून उचलायचं. पहिल्याच ठशात ‘न’च्या दांडीचं खालचं टोक जरा दबलेलं दिसलं. तिथे ०.१ मिलिमीटर कमी खोदलं गेलं आहे. प्लॅस्टिसिन मऊ असल्याने त्यात हे दिसलं नव्हतं. शेवटचे दोन-तीन ठसे लाखेवरच घ्यायला हवे होते, खडा कोंदणात जाण्याआधी.

पाचवा खडा लाखेवर चढवला आहे. त्यावर ‘श्री’.